शून्य नायट्रेटचा टँक: प्लांटेडकडून रीफकडे आलेलं एक प्रकरण

गोड्या पाण्याचा प्लांटेड (वनस्पतींचा) टँक उत्तम चालवणाऱ्याला रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यातला प्रवाळांचा टँक, जमेल का, असं कुणी विचारलं की दोन ठरलेली उत्तरं मिळतात. "जमेल की, मीठ तेवढं वाढलं." नाहीतर, "आधीचं सगळं पाटीवरून पुसा आणि नव्याने शिका." पुढच्या प्रकरणात ही दोन्ही उत्तरं खोटी ठरली, म्हणून ते सविस्तर मांडतोय. टँक एका बाईंचा. पाण्याचे आकडे काही त्यांच्या वहीतले, काही नंतर आम्ही दोघांनी मिळून मोजलेले.

आधीचा टँक आणि नवी मांडणी

बाई कित्येक वर्षं दाट वनस्पतींचा टँक चालवत होत्या. सीओटू, भरपूर लाइट, कार्डिनल टेट्रांचा मोठा थवा. खत घालायची त्यांची पद्धत म्हणजे एस्टिमेटिव्ह इंडेक्स, छंदातल्या भाषेत ईआय. टॉम बार यांनी रूढ केलेली. नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं झाडांना लागतील त्यापेक्षा थोडी जास्तच घालायची, म्हणजे कशाची उणीव पडत नाही. मग आठवड्याला निम्मं पाणी बदलून साठलेलं खाली आणायचं. यात टेस्ट किटची गरज जवळजवळ संपते. पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेटच्या बरण्या त्यांच्या कपाटात कायम असायच्या.

रीफसाठी घेतलेला टँक 90 × 45 × 50 सेंटिमीटरचा, खाली छोटा सम्प, म्हणजे उपकरणं ठेवायची जोडटाकी. खडक-वाळूची जागा वजा करून सगळं मिळून पाणी 190 लिटरच्या आसपास. तयारीला नावं ठेवायला जागा नव्हती. पाणी आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. नळाच्या पाण्यातलं थोडं तांबं माशाला चालून जातं, गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळाला नाही, हे त्यांना माहीत होतं. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भरपाई गोड्या पाण्याने करणारा ऑटो टॉप-अप बसवलेला. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्य करून न थांबता 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवलेला. नवखे इथेच चुकतात: शून्यावर अचूक असलेलं यंत्र 35 वर सहज एक-दोन अंकांनी घसरू शकतं.

सायकलिंगही, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं, मासे न टाकता, अमोनियम क्लोराइड घालून केलेलं. अमोनियाचा विषारी भाग पीएचबरोबर वाढतो. पीएच 7 ला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, 8.2 ला त्याच्या दहापटीच्याही वर जातो. शिवाय 25 अंशाला समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा साधारण 20 टक्के कमी विरघळतो. टेट्रांच्या टँकमध्ये निभावून गेलेली अमोनियाची चूक इथे निभावत नाही. बाईंनी ती केलीच नाही. थांबणं हा त्यांचा जुना गुण, तो इकडेही आला.

गडबड दुसरीकडे होती. झाडांबरोबर येणाऱ्या गोगलगायींचा त्यांना जुना राग. नवं रोप बुडवून, धुवून, वेगळं ठेवूनच त्या टँकमध्ये लावायच्या. त्याच सवयीने त्यांनी लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीवांनी भरलेला खडक, टाळून पूर्ण कोरडा खडक घेतला. नको ते किडे आले नाहीत हे खरं, पण हवे ते सूक्ष्मजीव, कोपेपॉडसारखे इवले जीव, गुलाबी कोरलाइन शेवाळ, यांतलंही काही आलं नाही. खडकाचा सगळा पृष्ठभाग मोकळा राहिला.

त्यावर अन्नद्रव्यांचा उपसा जबरदस्त. टँकच्या दुप्पट पाण्यासाठी बनवलेला, फेस करून घाण काढणारा प्रोटीन स्किमर. सम्पमध्ये चीटोमॉर्फा शेवाळाचा गुच्छ आणि त्यावर रात्रभर लाइट. फॉस्फेट शोषायला जीएफओ, म्हणजे फेरिक ऑक्साइडचे दाणे, वेगळ्या रिअॅक्टरमध्ये. आठवड्याला 40 टक्के पाणी बदल. आणि खाणारे किती? दोन ऑसेलॅरिस क्लाउनफिश आणि एक फायरफिश. खाणं दिवसाआड, चिमूटभर. प्रवाळांत झोअँथसची एक चकती, एक हॅमर, एक कँडी केन आणि ताटलीसारखी हिरवी मोंटिपोरा. काचा साफ करायला ट्रोकस गोगलगायी.

बाई जिथे जिथे विचारायला गेल्या तिथे एकच मंत्र कानावर पडला होता: रीफ म्हणजे नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्यांनी ईआयमधलं आठवड्याचं पाणी बदलणं तसंच ठेवलं आणि रोजचं घालणं सोडून दिलं. पद्धतीचा उत्तरार्ध तेवढा समुद्रात आला. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथे आहे. स्किमर, लाइट, मीठ, माशांची निवड हे सगळं त्यामानाने किरकोळ.

काय दिसलं

तिसऱ्या महिन्यात वाळूवर तपकिरी धूळ बसायला लागली. बाईंनी ती डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारं तपकिरी सूक्ष्म शेवाळ, धरली. नव्या टँकला तपकिरी थर येतो आणि सिलिकेट संपलं की जातो, हा अनुभव गोड्या पाण्यातही असतो, त्यामुळे अंदाज वावगा नव्हता. पण त्यावर केलेले उपाय पाहा: खाणं आणखी कमी, जीएफओ ताजा.

धुळीचे तंतू झाले. चिकट, नाकातल्या शेंबडासारखे, खडकाच्या टोकांवरून प्रवाहात डोलणारे, आणि प्रत्येक तंतूच्या शेंड्याला हवेचा बुडबुडा. सकाळी लाइट लागायच्या आधी वाळू बरीच स्वच्छ दिसायची, दुपारपर्यंत पुन्हा चादर. ट्रोकस काचेवरून गळून वाळूत उलथ्या पडू लागल्या. सरळ केल्या तरी पुन्हा उलथ्या. हॅमरचे शेंडे अर्धेच बाहेर. मोंटिपोराचा हिरवा रंग उतरून फिकट पिस्ता झालेला आणि एका कडेला पांढरी किनार.

बाईंनी तीन दिवस टँक झाकून पूर्ण अंधार केला. चौथ्या दिवशी सगळं लख्ख. आठवडा उलटायच्या आत थर परत आला, आधीपेक्षा जाड.

मी गेलो तेव्हा त्यांनी आधी वही पुढे केली आणि मग विचारलं, "अहो, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मग हे खातंय तरी काय?"

प्रश्न अगदी नेमका होता, आणि उत्तरही त्यातच होतं. पण ते सांगण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या होत्या.

वहीतली सरळ रेघ

वहीत दर रविवारची अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) लिहिलेली: 8.9, 9.0, 9.0, 8.9 डीकेएच. इतकी सरळ रेघ मुरलेल्या टँकमध्येही सहज मिळत नाही. मीठ कोणतं आणि ताज्या पाण्याची अल्कलिनिटी किती, असं विचारलं. ताजं मिसळलेलं पाणी 11 निघालं. मग, मोजता कधी?

पाणी बदलल्यावर. दर वेळी. प्लांटेडमध्येही त्या बदलानंतरच खत घालायच्या, त्यामुळे "पाणी झालं, आता वही" हा क्रम हातात बसलेला.

पुढच्या रविवारी पाणी बदलायच्या आधी मोजलं तर 7.6. आता हिशेब लागतो. 190 लिटरमधलं 40 टक्के पाणी 11 चं घातलं की 7.6 चे 8.96 होतात. म्हणजे आठवडाभर प्रवाळ 1.4 डीकेएच खात होते, आणि रविवारी तासाभरात ते सगळं परत यायचं. वहीत दिसणारी सरळ रेघ म्हणजे करवतीच्या दातांची फक्त वरची टोकं होती.

कॅल्शियमच्या रकान्यात मात्र काहीच हालचाल दिसत नव्हती आणि बाईंना त्यामुळे जास्त खात्री वाटत होती. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी आणि कॅल्शियम ठरावीक प्रमाणात वापरतात: 2.8 डीकेएच मागे 20 पीपीएम (दशलक्षात 20 भाग) कॅल्शियम. त्या हिशेबाने आठवड्याचे 1.4 म्हणजे कॅल्शियम फक्त 10 पीपीएम. एकूण 420 मधले 10 घरच्या किटच्या थेंबांच्या फरकात हरवून जातात. म्हणून खप ओळखायचा तर अल्कलिनिटी मोजायची, आणि मोजायची ती पाणी बदलायच्या आधी. गोड्या पाण्यात हीच अल्कलिनिटी, म्हणजे केएच, पार्श्वभूमीला असलेली गोष्ट आहे, सीओटूचा अंदाज घ्यायला लागते तेवढी. रीफमध्ये ती रोज खर्च होणारी शिधासामग्री आहे. समुद्रात ती साधारण 7 च्या आसपास असते. टँकमध्ये 7 ते 11 मधला कोणताही आकडा चालतो, पण एकदा धरला की सोडायचा नाही.

पांढऱ्या किनारीचं स्पष्टीकरण इथेच मिळत होतं. अन्नद्रव्यं नसताना अल्कलिनिटी वर उसळली की आधी दगडी प्रवाळांच्या कडा आणि टोकं जळतात. 9 हा आकडा स्वतः निरुपद्रवी. उपाशी प्रवाळाला तो उडीने भेटत होता.

तंतू कशाचे

तपकिरी थराचे तीन नेहमीचे संशयित. डायटम धुळीसारखे, पुसले की उडणारे. सायनो, म्हणजे नीलहरित जिवाणू, लालसर किंवा जांभळट पापुद्र्यासारखा, पकडला तर चादरीने निघतो. डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशी जीव, सगळे म्हणतात ते डायनो, चिकट तंतूंचे आणि बुडबुड्यांचे. घरच्या घरी एक चाचणी करता येते. थर पिपेटने टँकच्या पाण्यासह बाटलीत ओढायचा, जोरात हलवून कॉफीच्या गाळण कागदातून गाळायचा, आणि खाली आलेलं पाणी लाइटखाली ठेवायचं. डायनो असतील तर सुट्या झालेल्या पेशी तासाभरात पुन्हा जमून तंतू धरतात. बाटलीत ते धरले.

पण डायनो म्हणून थांबता येत नाही, कोणते तेही कळावं लागतं. मुलांच्या शाळेसाठी घेतलेला साधा सूक्ष्मदर्शक घरात होता. या पेशी मोठ्या असतात, 400 पट पुरते. काचपट्टीवर थेंबाच्या आकाराच्या पेशी, एक टोक निमुळतं, आणि त्या टोकाला कुणीतरी दोरी बांधली असावी तशा जागच्या जागी गिरक्या घेणाऱ्या. ऑस्ट्रिओप्सिस. हे ओळखणं का महत्त्वाचं, तर ऑस्ट्रिओप्सिस रात्री पृष्ठभाग सोडून पाण्यात तरंगतो, त्यामुळे पाण्यातल्या पेशी मारणाऱ्या यूव्ही दिव्यात सापडतो. मोठ्या पेशींचा अँफिडिनियम वाळूतच मुरून राहतो. त्याला यूव्हीचा काही उपयोग होत नाही, तिथे लोक सिलिकेट घालून मुद्दाम डायटम वाढवतात. चुकीच्या जातीवर योग्य औषध चालवून महिने घालवलेले टँक मी पाहिले आहेत.

गोगलगायी का उलथत होत्या, तेही यातून कळलं. ऑस्ट्रिओप्सिसच्या काही जाती पॅलिटॉक्सिनच्या कुळातली विषं बनवतात. 2005 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोवाच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिओप्सिस ओव्हाटा फोफावला तेव्हा समुद्रावरची नुसती हवा श्वासात गेल्याने 200 च्या आसपास लोकांना ताप, खोकला, दम लागण्यासाठी उपचार घ्यावे लागले होते. घरातल्या टँकमध्ये प्रमाण फार कमी, तरी हातमोजे घालायचे आणि खिडकी उघडी ठेवायची, एवढं त्याच दिवशी ठरलं.

याच बोलण्यात बाईंनी विचारलं, जास्त माखलेला खडक काढून उकळून घेऊ का? ड्रिफ्टवुड उकळून घ्यायची प्लांटेडवाल्यांची सवय. त्या खडकावर झोअँथसची चकती होती. झोअँथस-पॅलिथोआ गटातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन खच्चून भरलेलं असतं. असे खडक घरात उकळल्यावर वाफेने कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी आहेत. गोड्या पाण्यातून आणलेल्या सगळ्या सवयींमध्ये माणसाच्या जिवावर बेतू शकेल अशी ही एकच. रीफचा खडक उकळायचा नाही, कधीही.

मग ते खातंय काय

किटवरचं शून्य म्हणजे किटला दिसत नाही इतकं कमी. टँकमध्ये मासे आहेत, खाणं पडतंय, म्हणजे नायट्रोजन-फॉस्फरस येतोच आहे; फक्त आल्या आल्या कुणीतरी उचलतंय. स्पर्धा अशी असते तेव्हा साधं हिरवं शेवाळ, डायटम, जिवाणू मागे पडतात. डायनोंपैकी बरेच दोन्हीकडून जेवतात: प्रकाशसंश्लेषणही करतात आणि दुसरे सूक्ष्मजीवही गिळतात. त्यांना टंचाई मानवते. कोरड्या खडकावर आधीच वस्ती विरळ. त्यात उरलेसुरले शेजारीही उपाशी मारले की जागा रिकामी आणि भाडेकरू एकटाच.

गंमत अशी की प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला साखर पुरवणारं झूझँथेली शेवाळ, तेही डायनोफ्लॅजेलेटच. एकच कुळ, एक शाखा प्रवाळाला पोसते, दुसरी त्याच्यावर पांघरूण घालते. पण आतल्या शाखेला नायट्रोजन-फॉस्फरस मिळाला नाही तर ती क्षीण होते, आणि मोंटिपोरा फिकट पिस्ता होते. बाईंनी शेवाळ उपाशी मारायला जे केलं, त्यात आधी प्रवाळ उपाशी मरत होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो योग्य आहे. खऱ्या रीफवरच्या पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट नगण्यच असतं, मग तिथे कसं चालतं? तिथे पाण्यात साठा कमी असतो, ओघ प्रचंड असतो. प्लवक अखंड वाहत येतं, माशांचे थवे प्रवाळाच्या फांद्यांत झोपतात आणि तिथेच मुततात. प्रवाळ सतत काहीतरी पकडत असतो. 190 लिटरमध्ये तीन छोटे मासे आणि दिवसाआड चिमूट, म्हणजे साठाही नाही आणि ओघही नाही. घरच्या टँकमध्ये ओघ मोजता येत नाही, म्हणून आपण साठ्याचा आकडा थोडा वर धरून ठेवतो: नायट्रेट 5 च्या आसपास, फॉस्फेट 0.05 ते 0.1. हा निसर्गाचा आकडा नाहीच, सोयीचा आहे.

यावरून रेडफिल्ड प्रमाणाचा विषय निघतो. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी 1934 मध्ये समुद्रातल्या प्लवकाच्या आणि पाण्याच्या रचनेतलं साम्य दाखवलं. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस 106:16:1 हे त्याचं प्रसिद्ध रूप. काही जण टँकचं पाणीही 16:1 वर जुळवायला बसतात. प्लवकाच्या शरीराची सरासरी ही टँकच्या पाण्याची पाककृती होत नाही. बाईंना मी सांगितलं, प्रमाण सोडा, दोन्हींपैकी एकही शून्याला टेकू देऊ नका. विशेषतः फॉस्फेट, नायट्रेट असताना फॉस्फेट संपलं तर प्रवाळ आणखी लवकर फिकटतात.

उपाय

पहिली गोष्ट, काढणं थांबवलं. जीएफओ बंद करून रिअॅक्टर सोडवला. चीटोचा लाइट बंद. स्किमर फक्त रात्री. पाणी बदल पूर्ण थांबवला, आणि बाईंना सगळ्यात जड गेलं ते हेच. पाणी खराब दिसतंय आणि आपण बदलत नाही, हे गोड्या पाण्यात वाढलेल्या हाताला पाप वाटतं.

दुसरी गोष्ट, घालणं सुरू केलं, आणि त्यासाठी कपाटातल्या जुन्या बरण्याच बाहेर आल्या. पोटॅशियम नायट्रेटमध्ये वजनाने 61 टक्के नायट्रेट. 190 लिटरमध्ये 1 पीपीएम वाढवायला साधारण 310 मिलिग्रॅम लागतं. त्याबरोबर जाणारं पोटॅशियम जेमतेम 0.6 पीपीएम, आणि समुद्राच्या पाण्यात ते मुळातच 400 च्या आसपास असतं, म्हणून काळजी नाही. फॉस्फेटचं वजन तर तराजूवर दिसणारही नाही इतकं: 0.02 पीपीएमसाठी मोनोपोटॅशियम फॉस्फेट फक्त साडेपाच मिलिग्रॅम. म्हणून 1 ग्रॅम 1 लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवलं आणि त्यातलं साडेपाच मिलिलिटर सिरिंजने. बाईंना हे सांगावंही लागलं नाही. आकडा ऐकल्यावर त्यांनीच वहीत द्रावण मांडलं. ईआयवाल्यांना हे गणित तोंडपाठ असतं. बरणीवर औषधी किंवा अन्न दर्जाचा शिक्का आहे ना, एवढं पाहिलं. शेतीच्या खताच्या पोत्यात तांबं, जस्त काय असेल सांगता येत नाही.

नायट्रेट दिवसाला 1 पीपीएमपेक्षा जास्त चढवायचं नाही असं ठरवलं आणि ते सरळ चढलं. फॉस्फेट मात्र चढेना. संध्याकाळी 0.02 घातलं तर सकाळी पुन्हा शून्य, असं दिवसेंदिवस. कोरडा खडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते फॉस्फेट स्वतःवर चिकटवून घेतं. खडक भरेपर्यंत पाण्यात काही उरत नाही. बाई इथे डोस तिप्पट करायला निघाल्या होत्या. ते थांबवलं, कारण खडक धरतो तसा सोडतोही, आणि आज ओतलेलं सगळं नंतर एकदम पाण्यात आलं तर पुन्हा जीएफओच्या दारात उभं राहावं लागतं. दुसरा आठवडा सरता सरता सकाळचा आकडा पहिल्यांदा 0.03 दिसला.

तिसरी गोष्ट यूव्ही. छंदातला ढोबळ हिशेब दर 10–12 लिटरला 1 वॅट. त्याप्रमाणे दिवा घेतला. पाणी सम्पमधून न घेता थेट टँकमधून ओढलं आणि तिथेच सोडलं, कारण रात्री तरंगणाऱ्या पेशी टँकमध्ये असतात. प्रवाह हळू, म्हणजे पेशी दिव्यासमोर पुरेशा रेंगाळतात. लाइट बंद व्हायच्या अर्धा तास आधी प्रवाह देणाऱ्या वेव्हमेकरसमोर टर्की बास्टरने, म्हणजे रबरी फुग्याच्या मोठ्या नळीने, खडक झाडायचे, म्हणजे रात्री जास्तीत जास्त पेशी पाण्यात. मेलेल्या पेशींतून विष बाहेर पडतं, त्यासाठी सक्रिय कार्बन, दर थोड्या दिवसांनी बदलून. वाळूवरची चादर बारीक विणीच्या फिल्टर सॉकमधून सायफन करून तेच पाणी परत टँकमध्ये.

चौथी गोष्ट वस्ती. वर्षानुवर्षं निरोगी चाललेल्या एका टँकच्या सम्पमधून मूठभर लाइव्ह रॉकचे तुकडे आणि कोपेपॉड आणले. किड्यांच्या भीतीने जे टाळलं होतं तेच. बाईंनी तुकडे भिंगाखाली उलटसुलट तपासून मगच टाकले, आणि एक एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) शोधून काढून दाखवलाही. जुनी सवय अगदीच वाया जाते असं नाही.

अल्कलिनिटीची करवत

पाणी बदल बंद झाल्यावर भरपाईचा जुना मार्गही बंद झाला, त्यामुळे डोसिंग लगेच सुरू करणं भाग होतं. लक्ष्य 8 डीकेएच. 9 वर नेण्यात अर्थ नव्हता. साध्या सोडियम बायकार्बोनेटने 190 लिटरमध्ये 1 डीकेएच वाढवायला साधारण 5.7 ग्रॅम लागतो. आठवड्याचे 1.4 म्हणजे रोजचे 0.2, म्हणजे रोज सव्वा ग्रॅमच्या आतच. आरओ पाण्यात विरघळवून सकाळ-संध्याकाळ दोन भागांत, जोरदार प्रवाहात. मोजणी रोज एकाच वेळी, डोसच्या आधी. पहिले काही दिवस आकडा 7.6 वरून हळूहळू 8 ला आला आणि तिथे राहिला. मोंटिपोरा आजारी असल्याने खप मधेच घटला. त्या दिवशी वहीत 8.3 दिसल्याबरोबर बाईंनी डोस कमी केला. मोजणीची वेळ बदलल्याचा हा पहिला फायदा.

काय वाचलं, काय गेलं

यूव्ही लागल्यावर आठवड्याभरात तंतू विरळ झाले. नंतर वाळूवर डाग, मग तेही नाहीत. त्यांच्या जागी खडकावर हिरवं केसाळ शेवाळ उगवलं आणि बाई पुन्हा हवालदिल. मला ते बघून हायसं वाटलं: मोकळी जागा कुणीतरी घेत होतं आणि तो कुणीतरी गोगलगायींना खाता येणारा होता. नव्या ट्रोकस त्यानंतरच आणल्या.

मोंटिपोराची किनारीकडची बाजू गेली. पांढऱ्या रेषेच्या आत दोन बोटं जागा सोडून तुकडा छाटून वेगळा चिकटवला. तो जगला, मूळ ताटली जगली नाही. हॅमरचं एक डोकं गेलं, दोन राहिली. कँडी केन फिकट झाला होता, रंग परत यायला सर्वांत जास्त वेळ त्याने घेतला. झोअँथसना या सगळ्यात काही झालं नाही, पण त्यांना सहसा काही होत नाही.

कशाने फरक पडला हे छातीठोक सांगता येणार नाही, कारण चारही गोष्टी एकदम केल्या. माझं मत असं की थर यूव्हीने पाडला आणि परत येऊ दिला नाही तो अन्नद्रव्यांनी आणि आणलेल्या वस्तीने. अंधाराचा प्रयोग एकट्याने का फसला त्याचंही कारण तेच: अंधाराने थर पाडला, पण नंतरची परिस्थिती होती तशीच राहिली. जिथे नुसतं नायट्रेट-फॉस्फेट वाढवून डायनो गेले असे टँक आहेत, जिथे गेले नाहीत असेही आहेत.

यानंतर मासे सावकाश वाढवले. पाच झाल्यावर खाणं दिवसातून दोनदा द्यावं लागू लागलं आणि पोटॅशियम नायट्रेटचा डोस आपोआप सुटला. आता नायट्रेट 6 च्या, फॉस्फेट 0.07 च्या आसपास असतं. स्किमर पूर्ण वेळ चालू, जीएफओ बाहेर. पाणी बदल पंधरवड्याला 10 टक्के, आणि मीठ बदलून असं घेतलं की ताज्या पाण्याची अल्कलिनिटी टँकच्या जवळपास, 8 च्या आगेमागे असेल. यूव्ही काढून ठेवला आहे.

बाईंच्या मनात आता दगडी प्रवाळांतला अॅक्रोपोरा आहे. लाइट पुरेल, प्रवाह वाढवावा लागेल. अडचण खपाची आहे: दगडी प्रवाळ वाढायला लागले की रोजचा 0.2 चा खप 1 डीकेएचवर जायला वेळ लागत नाही, आणि एवढी भरपाई हाताने दोन वेळा केली की पुन्हा करवतच. म्हणून आधी डोसिंग पंप, दिवसभर थोडं थोडं सोडणारा. तो बसला आहे. महिनाभर रोजचा आकडा 8 च्या 0.2 इकडेतिकडे राहिला तर पहिला फ्रॅग, म्हणजे लावायचा प्रवाळाचा तुकडा, आणायचा, असं ठरलं आहे.